मी शेंगा खाल्ल्या होत्या

माणसापुढे नीतीचा प्रश्न कुठल्या वेषात येऊन उभा राहील याचा काही नेम नसतो. अर्जुनापुढे तो कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य घेऊन आला. माझ्यापुढे तो इयत्ता दहावीत, डिसेंबर १९९५ मधल्या एका रात्री पावणेदहा वाजता, शेंगदाण्याच्या लाडवाच्या रूपाने आला. अर्जुनाला सल्ला द्यायला निदान कृष्ण होता. मला सल्ला देणारा जो होता त्याला आम्ही 'वकील' म्हणत असू, आणि लाडवांत त्याचाही चौथा हिस्सा होता.

मी बँकेत कारकून आहे. (अलीकडे आमच्या पदाला एक लांबलचक इंग्रजी नाव मिळाले आहे, पण पगाराने ते अजून मनावर घेतलेले नाही.) वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे तत्त्वज्ञानाशी माझा संबंध बेताचाच. संध्याकाळी जमा आणि नावे जुळली की आत्म्याला शांती मिळते, एवढेच माझे अध्यात्म. तरीही तीस वर्षे झाली, एक नोंद काही केल्या जुळत नाही. अशा नोंदी आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. पण ऑडिटर एक दिवस विचारतोच, 'हे काय आहे?' तेव्हा आज मीच माझा ऑडिटर होऊन बसलो आहे.

वसतिगृह ही आपल्याकडची फार थोर कल्पना आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उघडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरे एका छपराखाली आणून एका पंगतीला बसवली. १९२७ साली गांधीजी ते पाहून गेले. आमचे कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातले वसतिगृह यांपैकी कुणाचेच नव्हते, पण जेवणघरात तसबिरी दोघांच्याही होत्या, आणि त्यांच्या नजरेखाली आम्ही सत्तर पोरे एकाच पंगतीत एकच आमटी ओरपत असू. आमटी पातळ असे, हा समतेचा मोठा पुरावा होता. वाटीचा तळ सगळ्यांना सारखाच दिसायचा.

दहावीच्या पोरांसाठी वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती. तिला आम्ही 'धर्मशाळा' म्हणत असू. बावीस लोखंडी खाटा, बावीस पत्र्याच्या ट्रंका आणि बावीस तऱ्हेची घोरणी. खरी नावे फक्त हजेरीपटावर चालत. खोलीत चालत ती टोपणनावे. माझे नाव 'मुनीम', कारण उसनवारीचा हिशेब मी ठेवत असे.

'पंचांग' कालनिर्णय पाहिल्याशिवाय आंघोळ करत नसे, आणि पाहिल्यावर बहुधा करतच नसे. अमावस्येला पाणी अंगावर घेतले की गणित कच्चे होते, असा त्याचा शोध होता. पौर्णिमेबद्दलही त्याला शंका होती. 'भूगोल' झोपेत प्रवास करी. रात्री दाराशी निजलेला हा प्राणी पहाटे खिडकीखाली सापडे, आणि वाटेत कुणाची चादर लागली तर तीही सोबत घेऊन येई. 'वकील' नियमांवर जगत असे. "दहानंतर दिवे बंद," असे रेक्टर सर म्हणाले, तेव्हा हा म्हणाला, "सर, नियमात दिवे म्हटलंय. मेणबत्तीला दिवा म्हणावं काय?" या मुद्द्यावर त्याने तीन छड्या खाल्ल्या, पण मुद्दा सोडला नाही.

'सरकार' हा बागायतदाराचा मुलगा. त्याच्या ट्रंकेला दोन कुलुपे. दर पंधरवड्याला आजीने एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेला फराळाचा डबा येई, आणि सरकार पांघरुणात शिरून तो खाई. बाकीच्या खोलीला नुसता आवाज. आवाजावरून पदार्थ ओळखण्यात आम्ही इतके तयार झालो होतो की कडबोळे आणि चकली यांतला फरक अंधारात सांगत असू. लाडवाला मात्र आवाज नसतो. म्हणून डबा आला आणि पांघरूण गप्प राहिले, की समजायचे, आज लाडू.

आणि 'किल्ली'. त्याचे आईवडील ऊसतोडीला बीड जिल्ह्यातून आमच्या भागात येत, आणि हंगाम संपला की परत जात. हा मात्र इथेच राहून शिकत होता. पहाटे चारला उठून स्वयंपाकघरातली चूल पेटवायची, आचाऱ्याला कोठीतले धान्य काढून द्यायचे, आणि त्याच्या बदल्यात जेवणाचे पैसे पूर्ण माफ, अशी त्याची सोय होती. कोठीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात असे, म्हणून हे नाव. तो फार बोलत नसे. पंगतीत मात्र आमच्या शेजारीच बसे. त्याला एसटीने डबा आल्याचे मला आठवत नाही.

धर्मशाळेची राज्यघटना एका कलमाची होती: नाव सांगायचे नाही. काच फुटो, पंप हरवो, भिंतीवर गणिताच्या सरांचे चित्र उमटो. विचारले की सगळ्यांनी एका सुरात "माहीत नाही, सर" म्हणायचे. या कलमाची मोठी परीक्षा २१ सप्टेंबर १९९५ रोजी झाली. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्याले. आमच्या जिन्याखालीही एक संगमरवरी गणपती होता. रेक्टर सरांनी भक्तिभावाने तांब्याभर दूध पुढे ठेवले आणि चमचा आणायला आत गेले. परत येतात तो तांब्या रिकामा. "चमच्याशिवायच प्याले, सर," आम्ही म्हणालो. सरांनी हात जोडले. मग त्यांना दिसले, की आमच्यातल्या सहा जणांना एकाच संध्याकाळी पांढऱ्या मिशा फुटल्या आहेत. पण सहांपैकी तांब्या उचलला कुणी? नाव कुणी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी वर्गात पृष्ठताण शिकवला. चमच्याच्या काठावरचे दूध दगडाकडे कसे ओढले जाते, ते पटले. तांब्याच्या तांब्या कसा ओढला जातो, यावर विज्ञान गप्प बसले. रेक्टर सरही गप्प बसले. पण त्यांनी ते मनात ठेवले.

डिसेंबरात सरकारचे पांघरूण गप्प राहिले. दुसऱ्या रात्री तो खाली अभ्यासिकेत गेला असताना आम्ही चौघे त्याच्या ट्रंकेभोवती बसलो. पंचांगाने अमृत वेळ काढली. भूगोलाला पहाऱ्याला उभे केले. तो उभ्याउभ्या झोपला. वकिलाने मागची बिजागरी दाखवली. म्हणाला, "कुलूप फोडणं हा गुन्हा. बिजागरीची खीळ काढणं हे सुतारकाम." डब्यात एकवीस लाडू निघाले. वाटप अर्थातच माझ्याकडे. प्रत्येकी पाच, बाकी एक. तो एक मी डब्यात परत ठेवला. खाते बंद करू नये, किमान शिल्लक ठेवावी, ही बुद्धी मला तेव्हाच होती. पुढे मी बँकेतच लागणार, हे त्या रात्री ठरले.

लाडू उत्तम होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या रात्री दहा वाजता सरांनी बावीसच्या बावीस जणांना गच्चीवर ओळीने उभे केले. डिसेंबरची थंडी, नदीवरचा वारा, आणि अंगात बनियन. "नाव कळेपर्यंत कुणी झोपायचं नाही," सर म्हणाले. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. मग वकील पुढे आला. एक ऑगस्टला टिळक पुण्यतिथीच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याने स्टीलची वाटी मिळवली होती. महाराष्ट्रात जन्माला आलेल्या प्रत्येक पोराप्रमाणे त्यानेही शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली होती. वर्गात कुणीतरी शेंगा खाल्ल्या, गुरुजींनी सगळ्यांना टरफले उचलायला लावली, बाळ टिळकांनी साफ नकार दिला आणि खाणाऱ्यांची चुगलीही केली नाही, अशी ती गोष्ट आपल्याकडे सांगतात.

"सर," वकिलाने घसा साफ केला, "लोकमान्यांनीसुद्धा शेंगांच्या प्रकरणात..."

"टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या, गाढवा!" सर ओरडले. "तू खाल्ल्यास का, ते बोल!"

वकिलाच्या आयुष्यात मुद्दा संपल्याचा तो पहिला प्रसंग. तो मागे सरकून ओळीत मिसळला. मी तर आधीपासूनच इतका मिसळलो होतो की भिंत कुठली आणि मी कुठला हे कळले नसते. पोटात पाच लाडू होते आणि जिभेवर एक शब्द नव्हता.

सरांची नजर ओळीवरून फिरत गेली आणि टोकाला थांबली. "काय रे, कोठीची किल्ली तुझ्याकडे असते ना?"

आता पाहा, कोठी तळमजल्यावर आणि ट्रंक वरच्या मजल्यावर. लाडू सरकारच्या आजीचे. कोठीच्या किल्लीचा आणि या चोरीचा काडीइतका संबंध नव्हता. मेणबत्तीवरून तीन छड्या खाणाऱ्या वकिलाला हा मुद्दा सुचायला हवा होता. मलाही. आम्ही बावीस जण घटनेचे पहिले कलम पाळत उभे राहिलो.

सव्वाअकराला किल्ली म्हणाला, "म्या खाल्ले, सर."

"किती?"

"समदे."

"एक शिल्लक आहे डब्यात!"

"त्यो ऱ्हायला," किल्ली म्हणाला.

पाच मिनिटांत आम्ही पांघरुणात होतो. सकाळी सरांनी त्याच्या गळ्यातला दोरा काढून घेतला आणि त्याची कोठीतून बागेत बदली केली. कोठीच्या कामाला जेवणाचे पैसे पूर्ण माफ होते. बागेच्या कामाला निम्मे. किल्ली गेली, नाव मात्र तेच राहिले.

तिसऱ्या दिवशी नळावर मी त्याला गाठले. "अरे, तू का म्हणालास?" त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "मला चारला चूल पेटवायची असती. तुमी उठता सातला. झोप आली व्हती मला." मग तोंडावर पाणी मारून हसत म्हणाला, "आता मीबी सातला उठतो."

उरलेले निम्मे पैसे कुठून आले, ते मी विचारले नाही. सगळ्या खोलीचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मुनिमाने तेवढी एक रक्कम विचारली नाही. जानेवारीत त्याचे वडील फडावरून उसाची मोळी घेऊन आले. किल्लीने सबंध खोलीला कांडी वाटली, न मोजता. मलाही दिली. मी ती खाल्ली. सर वर आले आणि ओरडले, "ही चिपाडं कुणाची?" आम्ही बावीस जणांनी एका आवाजात सांगितले, "आमची, सर!" शिक्षा नसली की माणसाला आपले नाव किती चटकन आठवते! मार्चात परीक्षा झाली आणि धर्मशाळा पांगली.

पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी 'गीतारहस्य' विकत घेतले. लोक म्हणाले, पोरगा सुधारला. खरे कारण वेगळे होते. शेंगांच्या प्रकरणात ज्यांचे नाव आम्ही वापरले, त्यांनीच मोठेपणी मंडालेच्या तुरुंगात बसून नीतीवर हा ग्रंथ लिहिला आणि १९१५ साली तो छापून आला. एवढ्या जाड ग्रंथात लाडवाला कुठेतरी सूट असेल, अशी मला आशा होती. 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात मला उत्तेजन मिळाले. खरे बोलणे, चोरी न करणे हे नियम मोठ्यामोठ्यांनाही प्रसंगी अडचणीत कसे आणतात, याची तिथे चर्चाच आहे. दुष्काळात भुकेने कासावीस झालेल्या विश्वामित्राने कुत्र्याची तंगडी चोरली. मी आनंदाने पान उलटले, आणि मला आठवले की त्या रात्री पावणेआठला मी चार चपात्या आणि दोन वाट्या आमटी चेपली होती. विश्वामित्राची सूट मला लागू होत नव्हती.

मग महाभारतातला कौशिक सापडला. याने नेहमी खरे बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांनी विचारले, पळालेली माणसे कुठे गेली? याने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे नाव सांगणे हेसुद्धा पाप होऊ शकते! धर्मशाळेच्या राज्यघटनेला खुद्द महाभारताचा आधार! त्या रात्री मला चांगली झोप लागली. पहाटे मात्र जाग आली. कौशिकाने दुसऱ्यांची नावे सांगितली होती. स्वतःचे नाव सांगितल्यामुळे कुणी नरकात गेल्याची कथा मला आजवर कुठल्याच पर्वात सापडलेली नाही.

आमच्या कलमातली मेख हीच होती. 'दुसऱ्याचे नाव सांगायचे नाही' हा बाणेदारपणा. 'माझे नाव सांगायचे नाही' हा भित्रेपणा. दोन्हींचा आवाज सारखाच, कारण दोन्हींत माणूस गप्पच असतो. ही सोय फार मोठी आहे. स्वतःला वाचवत असताना मित्राला वाचवल्याचा मान मिळतो. बँकेत एवढ्या वर्षांत मी पाहिले आहे, की निष्ठेच्या नावाखाली जे खाते उघडलेले असते, त्यातून पैसे काढणारा पुष्कळदा खातेदार स्वतःच असतो.

२०२३ च्या डिसेंबरात आमचा मेळावा भरला. व्हॉट्सॲपवर 'धर्मशाळा' हा ग्रुप आहेच. रोज सकाळी बावीस गुलाब येतात. वकील प्रत्यक्षात खतांचा व्यापारी झाला आहे. पंचांगाचे वॉटर हीटरचे दुकान आहे, हा नियतीचा विनोद. भूगोल येताना बसमध्ये झोपला आणि दोन गावे पुढे उतरला. मी हिशेब करून गेलो होतो. पाच लाडू, अठ्ठावीस वर्षे, द.सा.द.शे. आठ टक्के चक्रवाढ: त्रेचाळीस लाडू. ते मी सरकारच्या हातात ठेवले. सगळा प्रकार ऐकून तो गदगदून हसला. नंतर डबा उघडून बराच वेळ बघत राहिला, कारण गेली सहा वर्षे त्याला मधुमेह आहे. त्या खात्याचा असा निकाल लागला. कर्ज फिटले, पण कुणाच्याही तोंडात गोड पडले नाही.

किल्ली उशिरा आला, स्वतःच्या टेम्पोतून. एमआयडीसीत त्याच्या दोन खानावळी आहेत. मी त्याला बाजूला घेतले आणि जे दहावीत गच्चीवर म्हणायचे होते ते म्हणालो. "ते लाडू मी खाल्ले होते."

"कुठले लाडू?"

मी सगळे सांगितले. ट्रंक, गच्ची, थंडी, दोरा. त्याने आठवून पाहिले. मग म्हणाला, "मुनीम, तवा मी लई गोष्टी कबूल केल्या. खिडकीची काच झाली, सायकलीचा पंप झाला. इचारायला सुरुवात माझ्यापास्नंच व्हायची. मग उगं टाइम कशाला घालवायचा? जेवलास का?"

सत्तर पोरांची पंगत एक होती, यात खोटे काही नाही. आमटी सगळ्यांना सारखीच पातळ होती. पण संशयाची पंगत वेगळी होती, आणि तिच्यात पहिले पान नेहमी एकाचेच मांडलेले असे. आम्ही सगळे गप्प बसलो तेव्हा आम्हाला वाटले, गप्प बसायला काय लागते? त्याचे बिल निघत होते. ते शेवटच्या टोकाला उभा असलेला पोरगा भरत होता, आणि ते बिल आहे हे त्यालाही कुणी सांगितले नव्हते.

मेळाव्याहून परतताना मला हलके वाटायला हवे होते. ज्याला काही आठवतच नाही, त्याच्याकडून आणखी कसली माफी मागायची? पण माझा धंदा आड आला. बँक एखादे कर्ज 'राइट ऑफ' करते, तेव्हा वर्तमानपत्रे लिहितात, कर्ज माफ झाले. आम्ही काउंटरवर घसा फोडून सांगतो, बाबांनो, राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. ते बँकेच्या ताळेबंदातून निघते, कर्जदाराच्या डोक्यावरून नाही. येणे कायम असते. किल्लीने राइट ऑफ केले आहे. हा त्याचा मोठेपणा. माझ्या बाजूची नोंद तशीच आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी माझी रोकड दोन हजारांनी कमी आली. एकदा मोजली, दोनदा मोजली. शाखाधिकारी आले. सगळे हातातली कामे टाकून गप्प झाले. ही शांतता माझ्या ओळखीची होती. आणि मग साहेबांची नजर फिरत फिरत ओळीच्या टोकाला गेली. तिथे चहाची किटली घेऊन आलेला हॉटेलातला पोरगा उभा होता. "हा आत आला होता का रे?" साहेबांनी विचारले.

तो आत आला नव्हता. चहा तो काचेच्या बाहेरूनच देतो.

मी उभा राहिलो. खोटे कशाला सांगू, पाय थोडे कापले. या वयात, दोन हजारांसाठी. "साहेब, पोराला राहू द्या," मी म्हणालो. "रोकड माझी आहे. चूक माझी असणार. सापडली नाही तर पैसे मी भरतो." रोकडीतली तूट रोखपालाने भरायची, हा नियमच आहे. त्यात शौर्य काही नव्हते. सात वाजता पाचशेच्या एका पुडक्यात शंभराच्या जागी एकशेचार नोटा निघाल्या. पुडके मीच बांधले होते.

हा भरणा अर्थातच किल्लीच्या खात्यात जमा होत नाही. एकाच्या खात्यात भरलेल्या हप्त्याने दुसऱ्याचे कर्ज फिटत नाही, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. पण म्हणून भरणा थांबवावा, असे कुणी शिकवल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने नेहमीसारखा चहा आणला. आदल्या संध्याकाळी आपल्यावरून काय गेले, याचा त्याला पत्ता नव्हता. चहाबरोबर हॉटेलातल्या बरणीतला शेंगदाण्याचा लाडू माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, मालकांनी नवीन ठेवलेत. घ्या ना एक."

मी आधी पैसे दिले. मग खाल्ला.